घरी बिअर गाळणारे कोणी आहेत का इथे? कोकम गोझसाठी सल्ला हवाय

भरड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. ओरेगनमध्ये, पोर्टलंडच्या पश्चिमेला बीव्हर्टनला राहतो. सात वर्षं झाली, घरी बिअर करतोय. ऑफिसात माझ्या ओळीत नऊ टेबलं, त्यातले तिघं हेच करतात. त्यांनीच नादाला लावलं असं आईला सांगून ठेवलंय.

गेल्या उन्हाळ्यात आई साताऱ्याहून आली होती. शनिवारी सकाळी गॅरेजमध्ये मोठ्या पातेल्यात मॅश लावला होता. ऊब टिकावी म्हणून पातेल्याला जुनी गोधडी गुंडाळलेली. आई चहाचा कप घेऊन वासावर आली. "नाचणीचं सत्त्व करतोयस का रे?" मी झाकण उघडलं. तिनं पळीभर घेतलं, फुंकून चाखलं. "जव होय! मोड आणलेले दिसतात. गोड उतरलंय चांगलं." मग याचं पुढं काय होणार ते मी सांगितलं. ती कप विसळायला निघाली आणि जाता जाता म्हणाली, "एवढं चांगलं झालेलं नासवायचं कशाला?"

याला माझ्याकडे अजून उत्तर नाही. पण वास तिनं बरोबर ओळखला. मॉल्ट म्हणजे जव भिजवायचे, मोड आणायचे आणि मोड वाढायच्या आत भट्टीत वाळवायचे. मोड येताना दाण्यात जी एन्झाइम तयार होतात, ती ६५ ते ६८ अंशांच्या पाण्यात तासाभरात पिठाची साखर करतात, हाच तो मॅश. मग गाळून उकळायचं, हॉप्सची कडू फुलं घालायची, झटपट गार करायचं आणि यीस्ट टाकून दोन आठवडे नजरेआड ठेवायचं. निम्मा वेळ भांडी घासण्यात जातो. हे कुणी आधी सांगत नाही.

आता मुद्द्याचं. यंदा कोकम घालून गोझ करायची आहे. गोझ ही जर्मनीतली जुनी आंबट बिअर, गावाचं नाव गोस्लार, पण पुढं रुजली लाइपझिगला. तिच्यात मीठ आणि धने घालतात. आंबट, खारट, धने! हे वाचल्यावर माझ्या डोळ्यांपुढं सरळ सोलकढीच आली, नारळाच्या दुधाविना.

१९ लिटरसाठी बेत असा: २ किलो पिल्सनर मॉल्ट, २ किलो गव्हाचं मॉल्ट, हॉप्स नावाला १५ ग्रॅम, धने २० ग्रॅम भरडून, मीठ २० ग्रॅम. कोकम शेवटी. आंबटपणासाठी लॅक्टोबॅसिलस (दही लावणारे जंतू) विकत आणू की घरच्या दह्यावर भागेल? आणि कोकम किती घालू? कुणी केलंय का?

पेठेतला

पहिला मान शुद्धलेखनवाल्यांचा. बिअर गाळत नाहीत हो, आंबवतात. गाळतात ती हातभट्टीची. शीर्षक वाचून मला वाटलं तुम्ही अमेरिकेत जाऊन मोहाची भट्टी लावली.

बाकी लेख झकास. "नासवायचं कशाला" हे वाक्य चौकटीत लावून गॅरेजात टांगा.

भरड

@पेठेतला, मान्य. शीर्षक आता बदलता येत नाही. आणि भट्टी लावून गाळायला इथंही परवाना लागतो. घरच्या घरी मुभा आहे ती फक्त आंबवण्याची.

मेपलपाक

वाचतेय. मी टोरांटोला. चार बॅच झाल्या, चारही पिण्यालायक, पण प्रत्येकीत शेवटी लोण्याचा वास येतो. पॉपकॉर्नवर ओततात तसला. नवरा म्हणतो छान आहे. त्याला सगळंच छान लागतं. काय चुकतंय?

आंबोळी

@मेपलपाक, त्या वासाचं नाव डायअॅसिटिल. यीस्ट काम करताना ते बाहेर टाकतं आणि काम संपत आलं की स्वतःच परत शोषून घेतं. तुम्ही बहुतेक घाईनं गार करताय. साखर उतरत आली की पिंप दोन-तीन अंश उबदार जागी सरकवा, दोन दिवस तसंच राहू द्या, मग थंड करा. त्यानंही वास गेला नाही तर नळीत किंवा तोटीत जंतू बसलेत. तसं असेल तर ती नळी फेकाच, धुऊन उपयोग नाही.

@भरड, मी बेल्जियममध्ये लुवेनला सूक्ष्मजीवांवर काम करते, त्यामुळे जरा लांबलचक लिहिते, माफ करा.

दह्यावर भागतं. पण दही चमचाभर ढवळून टाकू नका, वरची निवळ घ्या. क्रम असा ठेवा: मॅश गाळून झाला की दहा मिनिटं उकळा, म्हणजे धान्यावरचे बाकीचे जंतू मरतील. मग ४० अंशांवर आणून निवळ घाला. हॉप्स या टप्प्यावर अजिबात नकोत. हॉप्समधला कडू अंश लॅक्टोबॅसिलसला वाढूच देत नाही. पूर्वी बिअर टिकावी म्हणून हॉप्स घालत ते याच गुणामुळे. मग भांड्याच्या तोंडावर, अगदी द्रवाला टेकून, प्लास्टिकची फिल्म पसरा. हवा लागली की भलतेच पाहुणे येतात आणि ओल्या मोज्यांचा वास सुटतो. गोधडी आहेच तुमच्याकडे. ऊब ३५च्या खाली जाऊ देऊ नका. २४ ते ४८ तासांत पीएच ३.४च्या आसपास येईल. आला की पुन्हा उकळा, तेव्हा हॉप्स आणि धने.

तुमच्या आईंना यातलं काहीच नवीन वाटणार नाही. उबेला ठेवा, हलवू नका, झाकण सारखं उघडून बघू नका. विरजणाचे नियम हेच.

म्युनिकचा पंत

मीठ-धने घातलेल्या पेयाला बव्हेरियात बिअर म्हणालात तर शेजारी बोलणं टाकतील. १५१६चा शुद्धतेचा फतवा इथं अजून पोथीसारखा सांगतात: जव, हॉप्स, पाणी, बस्स. गंमत म्हणजे त्यात यीस्टचा उल्लेखच नाही. आणि त्याच बव्हेरियात गव्हाची बिअर करायचा हक्क पुढं राजघराण्यानं स्वतःकडे राखून ठेवला. म्हणजे शुद्धता प्रजेसाठी.

मी फक्त हेफेवाइत्सेन, म्हणजे इकडची गव्हाची बिअर, करतो. त्यात केळ्याचा वास येतो तो केळं न घालता. यीस्टचीच करामत. किण्वन जरा उबेत केलं तर केळं वाढतं. मॅश करताना ४५ अंशांच्या आसपास पंधरा मिनिटं थांबलं तर लवंग वाढते. मागच्या गणपतीला चुकून दोन्ही वाढलं. शिकरणात गरम मसाला पडल्यासारखं झालं होतं. (नैवेद्याला ठेवलं नव्हतं, आधीच सांगतो.)

मी इथं आलो तेव्हा घरी बिअर करण्याआधी कस्टमच्या कार्यालयाला रीतसर कळवावं लागायचं. पत्र लिहिलं: अमुक तारखेला, अमुक स्वयंपाकघरात, इतके लिटर. सही, शिक्का. लग्नाची नोंदणी यापेक्षा सोपी गेली.

योकोहामाकर

तुम्ही नशीबवान. जपानमध्ये घरी १ टक्का किंवा त्याहून जास्त अल्कोहोलचं काही करणं बेकायदा आहे. किट राजरोस मिळतात, वर सूचना असते की १ टक्क्याच्या आत ठेवा. मी ठेवतो.

पेठेतला

ठेवतो म्हणे!

टेम्सकाठी

इंग्लंडमध्ये १९६३ पर्यंत घरी बिअर करायला परवाना लागायचा. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री मॉडलिंगनं तो काढून टाकला. पुढं सत्तरच्या दशकात तर औषधांच्या दुकानात किट मिळायला लागली, खोकल्याच्या औषधाच्या शेजारी. माझ्या घरमालकाचं पिंप त्याच काळातलं आहे. अजून गळत नाही.

इथं सगळे आयपीए (इंडिया पेल एल, फिकी आणि कडू बिअर) पितात म्हणून एक जुना हिशेब चुकता करतो. प्रत्येक पार्टीत कुणीतरी सांगतंच की भारतात पोचेपर्यंत बिअर नासायची, म्हणून इंग्रजांनी जास्त हॉप्स आणि जास्त अल्कोहोल घालून आयपीए शोधली. हे असं झालेलं नाही. त्याच जहाजांतून काळी पोर्टर मुंबई-कलकत्त्याला जात होती आणि लोक ती आवडीनं पीत होते. हॉजसन नावाच्या माणसाची ब्रुअरी लंडनमध्ये बो इथं होती, ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदीपासून जवळ. जहाजांचे कप्तान स्वतःच्या खाजगी धंद्यासाठी माल घेत, आणि हॉजसन त्यांना वर्ष-दीड वर्ष उधार द्यायचा. त्याच्या मालाला बाजार मिळाला तो असा, उधारीवर. त्यात होती ऑक्टोबरमध्ये करायची फिकी, भरपूर हॉप्सची बिअर, जी एरवी तळघरात दोन वर्षं मुरवत. चार-पाच महिन्यांच्या प्रवासात, दोनदा विषुववृत्त ओलांडताना, ऊन आणि हेलकाव्यांनी ती लवकर मुरली. मुंबईच्या धक्क्यावर उतरली तेव्हा ऐन भरात होती.

पुढं हॉजसन मंडळी शेफारली, तेव्हा १८२०च्या दशकात कंपनीच्या एका संचालकानं इंग्लंडातल्याच बर्टन गावच्या ऑलसॉप या बिअरवाल्याला गाठलं. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम भरपूर, त्यानं हॉप्सचा कडूपणा स्वच्छ उठून दिसतो. म्हणून आज ओरेगनमधला माणूसही नळाच्या पाण्यात चमचाभर जिप्सम टाकतो. टाकता की नाही, भरडराव?

भरड

टाकतो! पोर्टलंडचं पाणी डोंगरातल्या बुल रन खोऱ्यातलं, अगदी मऊ. कोरी पाटीच म्हणा. आयपीए करताना जिप्सम घालतो, गोझला घालणार नाही.

हॉप्सच्या बाबतीत मात्र इथं चैन आहे. ऑगस्टअखेर ओलीच हॉप्स तोडून आणून त्याच दिवशी भांड्यात. तीन-साडेतीन तासांवर शेजारच्या वॉशिंग्टन राज्यातलं याकिमा खोरं, अमेरिकेतले बहुतांश हॉप्स तिथलेच. आणि कॅस्केड ही हॉप्सची जात तर ओरेगनमध्येच पैदास झालेली, १९७२ साली बाजारात आली. कॅलिफोर्नियातल्या चिको गावी सिएरा नेवाडा ब्रुअरीवाल्यांनी १९८० साली तिच्यावर पेल एल काढली. त्यांचा मालक केन ग्रॉसमन आधी गावात घरी बिअर करणाऱ्यांना सामान विकायचं दुकान चालवायचा. आज जे यीस्ट मी पुडीतून टाकतो तेही त्याच घराण्यातलं, अजून त्याला चिकोच म्हणतात.

आणि हे सगळं कायदेशीर झालं ते राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या सहीनं, ऑक्टोबर १९७८ मध्ये. दारूबंदी १९३३ सालीच उठली होती, पण घरच्या बिअरची सूट मधली ४५ वर्षं राहूनच गेली. वर्षाला १०० गॅलन, घरात दोन किंवा जास्त प्रौढ असले तर २००. विकायची नाही. अलाबामा आणि मिसिसिपीनं तर २०१३ पर्यंत ताणलं.

ओसरी

थोडं वेगळं लिहितेय, राग नसावा. २०० गॅलन म्हणजे साडेसातशे लिटर. तुम्ही सगळे फार रसाळ लिहिता, धने काय, लवंग काय. माझ्या माहेरी वडिलांना व्यसन होतं. त्यांचीही सुरुवात चार मित्रांत, कौतुकानं झाली. घरात १९ लिटर तयार असणं काही घरांत चेष्टेचा विषय नसतो. एवढंच.

मेपलपाक

ओसरी, राग कशाला. बरं झालं लिहिलंत.

भरड

@ओसरी, तुम्ही म्हणता ते खोटं नाही, आणि त्यावर हुशारीचं उत्तर द्यायची इच्छा नाही. माझंच सांगतो. तिसऱ्या वर्षी बाटल्या भरायचा कंटाळा आला म्हणून छोटा फ्रिज घेतला, त्याला तोटी बसवली, आत स्टीलचा केग. तोटी असली की "एक ग्लास" मोजता येत नाही. रोज संध्याकाळी काम संपलं की अर्धा, मग अर्धा. सहा महिन्यांत सहा किलो वजन वाढलं, आणि एका बुधवारी लक्षात आलं की मागचा कोरडा दिवस कोणता ते आठवत नाहीये. तोटी विकली. आता परत बाटल्या, तीस-पस्तीस भरतात, वीसेक वाटून टाकतो. बाटली उघडताना निदान एकदा थांबावं लागतं. हे सगळ्यांना पुरेल असा दावा नाही.

ओसरी

स्पष्ट लिहिलंत, आभार.

पेठेतला

बाटल्यांवरून आठवलं, स्फोट वगैरे होतात म्हणे?

भरड

होतात. पहिल्या हिवाळ्यातली गोष्ट. पिंप गॅरेजात, बाहेर कडाका. एअरलॉकमधले (पिंपातला वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेतले) बुडबुडे थांबले, मी समजलो झालं. घनता मोजणारा हायड्रोमीटर १.०१८ दाखवत होता, म्हणजे साखर अजून बाकी, तिकडे दुर्लक्ष केलं. खरं तर यीस्ट थंडीनं झोपलं होतं, साखर तशीच शिल्लक. वर नियमाप्रमाणे फसफसण्यासाठी १२० ग्रॅम साखर घालून बाटल्या भरल्या आणि घरातल्या कपड्यांच्या खोलीत ठेवल्या, कारण अंधार हवा. खोलीच्या उबेत यीस्ट जागं झालं. तिसऱ्या आठवड्यात रात्री दोन वाजता पहिली फुटली. बायकोला वाटलं गोळीबार. आम्ही दारामागे उभे राहून अकरा मोजल्या. तिच्या लग्नातल्या शालूच्या घडीत काच आणि यीस्ट. शालू वाचला, पण ड्रायक्लीनरनं दिलेलं बिल तिनं अजून जपून ठेवलंय, मी नवीन भांडं घ्यायचं म्हटलं की काढते.

तेव्हापासून तीन दिवस ओळीनं एकच आकडा आल्याशिवाय बूच लावत नाही. शिवाय एक बाटली सोड्याची, प्लास्टिकची भरतो. ती दगडासारखी कडक झाली की बाकीच्या फ्रिजमध्ये.

पेठेतला

आमच्याकडे हे सगळं ऐकण्यापुरतंच. १९४९चा दारूबंदी कायदा अजून आहे, परवान्याशिवाय घरी एक लिटरही करणं गुन्हा. पण पुण्यात २००९ साली डूलाली ही छोटी ब्रुअरी सुरू झाली तेव्हा पहिल्यांदा ताजी, ढगाळ बिअर प्यायलो आणि वेटरला म्हणालो, "गाळायची राहिलीये का?"

त्या नावाची गंमत ठाऊक आहे का? डूलाली म्हणजे आपली नाशिकजवळची देवळाली. मायदेशी जाणारं जहाज मिळेपर्यंत गोऱ्या शिपायांना तिथल्या छावणीत महिनोनमहिने ठेवत. उन्हानं आणि कंटाळ्यानं त्यांची डोकी फिरायची. त्याला ते "डूलाली टॅप" म्हणत, आणि त्यातला टॅप म्हणजे तोटी नव्हे, आपला ताप! अजून इंग्लंडात डोकं फिरलेल्याला डूलाली म्हणतात. टेम्सकाठी सांगतील.

टेम्सकाठी

म्हणतात. माझा साहेब मला म्हणाला होता. मी त्याला देवळालीचा नकाशा दाखवला.

आंबोळी

@भरड, एक राहिलंच. कोकम म्हणजे नक्की काय घालणार आहात? आगळ, आमसुलं की नुसत्या वाळवलेल्या साली? बेतात मिठाचे २० ग्रॅम वेगळे धरलेत म्हणून विचारते.

भरड

आईनं मालवणहून मागवून दिलेलं आगळ आहे. पाऊण बाटली. ३०० मिली घालावं म्हणतो, रंगासाठी. बॅच या शनिवारी लावतोय.

मेपलपाक

फोटो टाका! रंग बघायचाय.

भरड

(पाच आठवड्यांनी)

वृत्तांत. दह्याच्या निवळीनं कमाल केली, ३० तासांत पीएच ३.४. मोज्यांचा वास नाही. सुरुवातीची घनता १.०४५, शेवट १.०१०, म्हणजे साडेचार टक्क्यांच्या आसपास. रंग असा की मुलीनं विचारलं, "बाबा, रूह अफजा?" फेस गुलाबी.

काल सहा जणांना बोलावून उघडली. पहिला घोट घेतला आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले. खारट. समुद्रात पडल्यावर नाकातोंडात जातं तितकी खारट. व्हिडिओ कॉलवर आईला सांगितलं. ती म्हणाली, "अरे, आगळात मीठ असतंच की. मिठाशिवाय ते टिकेल कसं?" आंबोळीताई, तुम्ही त्या दिवशी हेच विचारत होतात, आणि मी रंगाच्या गप्पा मारत बसलो.

फेकून नाही दिली. एक भाग गोझ, दोन भाग साधी गव्हाची बिअर, वर चिमूटभर जिरेपूड, अशी चालून गेली. एका मेक्सिकन मित्राला तर नुसतीच आवडली. तो तशीही बिअर मीठ-लिंबू लावूनच पितो. उरलेल्या अठरा बाटल्यांपैकी सहा त्यानं नेल्या.

पुढच्या वेळी आगळ १५० मिली आणि वरून मीठ फक्त ५ ग्रॅम.

आंबोळी

वरून मीठ शून्य. आगळ उकळीत घालू नका, किण्वन संपल्यावर घाला आणि एकदम सगळं नको. आधी एका ग्लासात थेंब-थेंब घालून चाखा, मग त्या हिशेबानं १९ लिटरला.

म्युनिकचा पंत

आणि चाखायला आईंना बसवा. यीस्ट टाकायच्या आधी.

भरड

आई मे महिन्यात येतेय. तोवर थांबतो.